चर्चचं छप्पर गेलं, आता पॅरिश तरी एक राहील का?

घंटानाद:

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहूनच टाकतो. लांबेल थोडं, सांभाळून घ्या.

आमचं चर्च अकरा महिने बंद आहे. छताच्या लाकडी तुळयांना वाळवी लागलेली, वरून रंग चकाचक आणि आत नुसता भुसा. एका रविवारी वेदीवरच्या पांढऱ्या कापडावर पिवळट पावडर पडलेली दिसली म्हणून सॅक्रिस्टी (वेदीच्या सामानाची खोली) सांभाळणाऱ्या अंकलनी वर बॅटरी मारली, तेव्हा कुठे कळलं. इंजिनिअरने तुळईत स्क्रू ड्रायव्हर खुपसला तर तो मुठीपर्यंत आत गेला, मी खाली शिडी धरून उभा होतो, माझ्या डोक्यावर भुसा पडला. त्याच आठवड्यात दाराला कुलूप. तेव्हापासून मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, बाजूच्या हॉलमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या, गुडघे टेकायचे तर थेट फरशीवर.

गंमत म्हणजे पहिले दोन महिने आम्ही कधी नव्हे इतके एक होतो. बाक बाहेर काढायला बोलावलं तर न सांगता चाळीसेक माणसं आली, एकेक बाक सहा जणांनी उचलायचा, शेजारी कोण आहे ते कुणी बघत नव्हतं. घंटा उतरवली, ती अजून व्हरांड्यात जुनी चादर पांघरून बसलीये, येताजाता पोरं टिचकी मारतात.

मग प्रश्न आला की जुनंच दुरुस्त करायचं की पाडून नवीन बांधायचं. आणि तिथून जी फूट पडली ती आता हॉलमध्ये डोळ्यांना दिसते. दुरुस्तीवाले डावीकडे, नवीनवाले उजवीकडे. कुणी ठरवलं नाही, आपोआप झालं. शांतीचं चिन्ह द्यायची वेळ आली की सगळे आपापल्या बाजूला हात मिळवतात, मधली वाट कुणी ओलांडत नाही. व्हॉट्सअॅपवर 'पॅरिश परिवार' होता, आता 'पॅरिश परिवार २' पण आहे. आठ कुटुंबं शेजारच्या पॅरिशला जायला लागली. कॉयर अर्धा.

फादर दर रविवारी ऐक्यावर प्रवचन देतात आणि दर रविवारी वातावरण आणखी बिघडतं. कुणी यातून गेलंय का? काय केलंत?

कोपऱ्यातला_बाक:

'पॅरिश परिवार २' वाचून हसू आलं, सॉरी. आमच्याकडे तिसरापण होता, त्यात फक्त अॅडमिन होते.

खुर्च्यांबद्दल मात्र खरंय. चर्चमध्ये लोक भांडतात ना तेव्हा सोडून जायच्या आधी जागा बदलतात. वीस वर्षं तिसऱ्या रांगेत बसणारा माणूस अचानक खांबामागे दिसायला लागला की समजायचं.

सहज_वाचक:

मी ख्रिस्ती नाही, धागा दिसला म्हणून वाचला. पॅरिश म्हणजे चर्चची इमारतच ना? मग छप्पर गेलं तर पॅरिश जाते का? बाळबोध प्रश्न असेल तर माफ करा.

पाळकाची_लेक:

अजिबात बाळबोध नाही, उलट घंटानाद यांच्याकडे सगळं भांडण यावरच चाललंय असं वाटतं.

इमारत म्हणजे चर्च, किंवा देऊळ म्हणा. पॅरिश म्हणजे ठरलेल्या हद्दीत राहणारी मंडळी, तिचा पाळक किंवा फादर, सगळं मिळून. कॅथलिक लोक मराठीत धर्मग्राम म्हणतात. मूळ शब्द ग्रीक, पारोइकिया, आणि त्याचा अर्थ परक्या मुलखात तात्पुरती वस्ती करून राहणं असा आहे. म्हणजे ज्या शब्दावरून लोक आमचंच आमचंच करतात त्याचा अर्थच मुळी 'उपरे' असा. बाबा (पाळक होते, प्रोटेस्टंट) हे दर वार्षिक सभेच्या सुरुवातीला सांगायचे आणि पाच मिनिटांत सगळे विसरायचे.

यातली खरी गोम अशी की पॅरिशमध्ये माणसं एकमेकांना निवडत नाहीत. मित्रमंडळ आपण निवडतो, पॅरिशमध्ये जो हद्दीत राहतो तो आपला, मग तो कितीही डोकं खाणारा असो. त्यामुळे भांडणं होणारच, पहिल्या पिढीपासून होताहेत. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढा. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय म्हणून कुरकूर सुरू झाली, इब्री बोलणाऱ्यांविरुद्ध. भाषेवरून, वाटपावरून. आज कुठल्याही कमिटीत बसा, हेच दोन विषय. तेव्हा प्रेषितांनी काय केलं? ऐक्यावर प्रवचन दिलं नाही. सगळ्यांना बोलावून म्हणाले तुम्हीच सात माणसं निवडा आणि वाटप त्यांच्या हाती द्या. आणि निवडलेल्या सातांची नावं बघा, स्तेफन, फिलिप्प, नीकानोर, तीमोन वगैरे, सातही ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्याच दिसणाऱ्या माणसांच्या हाती कोठाराची किल्ली.

हिशेबनीस:

+१ शेवटच्या वाक्याला. किल्लीबद्दल सविस्तर लिहितो नंतर.

रोखठोक:

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका.

'ऐक्य' हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. मी आमच्या पॅरिशमध्ये बांधकाम फंडाचा हिशेब विचारला होता, सभेत, उभं राहून, नीट भाषेत. उत्तर काय मिळालं तर 'तुम्ही पॅरिशचं ऐक्य मोडताय'. पुढच्या रविवारी मिस्सेतल्या बायबल वाचनाच्या यादीतून माझं नाव गायब. बायकोला विचारायला लागले की घरी सगळं ठीक ना. तीन वर्षं झाली, मी जात नाही. घरी प्रार्थना करतो. माझ्या अनुभवात ऐक्य म्हणजे ज्याच्याकडे माईक त्याचं ऐकायचं.

घंटानाद, तुमच्याकडे जी आठ कुटुंबं गेली त्यांना कुणी फोन केला का? की ती गेली म्हणून हायसं वाटलं?

घंटानाद:

रोखठोक, प्रश्न लागला. खरं सांगायचं तर फोन नाही केला. त्यातल्या दोन घरांबद्दल तर मलाच हायसं वाटलं होतं.

हिशेबनीस:

मी आमच्या पॅरिशच्या फायनान्स कौन्सिलवर नऊ वर्षं आहे, कॅथलिक. व्यवसायाने पण आकडेमोडच. रोखठोक यांच्याबरोबर जे झालं ते वाचून वाईट वाटलं आणि आश्चर्य अजिबात वाटलं नाही.

बऱ्याच लोकांना माहीत नसतं म्हणून लिहितो. १९८३ चा कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा आहे, त्यात कॅनन (नियम) ५३७ म्हणतो की प्रत्येक पॅरिशमध्ये फायनान्स कौन्सिल असलीच पाहिजे. पास्टोरल कौन्सिलचं (पॅरिशच्या धार्मिक कामांची समिती) तसं नाही, ती बिशपना योग्य वाटलं तर (५३६) आणि तिचं मत फक्त सल्ल्यापुरतं. म्हणजे चर्चने स्वतःच ओळखलंय की गडबड कुठे होते. कॅनन १२८७ म्हणतो लोकांनी जे दान दिलं त्याचा हिशेब लोकांना द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचा १२६७, ज्या कारणासाठी दान दिलं त्याच कारणासाठी ते वापरायचं. छपरासाठी दिलेले पैसे कुंपणाला गेले तर कुंपण कितीही गरजेचं असो, ते चूकच. आणि कॅनन २१२ प्रमाणे आपलं मत धर्मगुरूंना सांगायचा हक्क लोकांना आहे, कधीकधी ते कर्तव्यसुद्धा आहे. तेव्हा रोखठोक, तुम्ही ऐक्य मोडलं नाहीत, तुम्ही कायदा पाळलात.

घंटानाद, मला वाटतं तुमचं भांडण दुरुस्ती की नवीन याचं नाहीच. पैसे किती आहेत हे कुणालाच माहीत नाही आणि तिथेच सगळं अडलंय. आमच्याकडे हेच होतं. दानपेटी दोघं उघडायचे पण मोजणारा एकच, वही एकाच्या घरी. माणूस देवमाणूस, एक पैसा इकडचा तिकडे केला नसेल, पण वही घरी म्हटलं की शंका येणारच. शेवटी काय केलं तर पैसे मिस्सानंतर लगेच तीन जणांनी मोजायचे, तिघे पॅरिशच्या तीन वेगवेगळ्या भागांचे, त्या कागदावर तिघांच्या सह्या, आणि तो कागद त्याच दिवशी नोटीस बोर्डावर. महिन्याभरात आवाज खाली आले. कुणाचं मत बदललं नाही हं, फक्त आवाज खाली आले. तेवढं झालं की मग बोलता येतं.

सोप्रानो_दुसरी_रांग:

कॉयर अर्धा झाला हे वाचलं आणि लिहायला बसले कारण आमचं उलटं झालं, २०२० मध्ये सगळं बंद होतं तेव्हा आमच्या कॉयरमास्टरनी प्रत्येकाला घरून मोबाईलवर आपापला भाग रेकॉर्ड करून पाठवायला सांगितलं आणि मग कुणीतरी ते जोडायचं, आणि पहिल्यांदा जोडलेलं ऐकलं तेव्हा कळलं की आम्ही सगळे किती बेसूर आहोत, एकत्र उभं राहून गाताना शेजारचीच्या आवाजात आपला आवाज लपतो ना, इथे प्रत्येकजण एकटी, मी तर रडले, आणि जिच्याशी मी दीड वर्षं बोलत नव्हते (सोलो कुणी गायचा यावरून, हसा) तिचाच मेसेज आला की तू नसलीस की मला माझी पट्टी सापडत नाही. परत सुरू झालं तेव्हा आम्ही बाविसाचे चौदा होतो, काही वारले, काहींना घरी बसून स्क्रीनवर मिस्सा बघायची सवय लागली, ते अजून आले नाहीत. पण जे आहोत ते आहोत. आता सोलो तीच गाते.

कोपऱ्यातला_बाक:

सोप्रानोताई, हे छापायला द्या.

अवांतर, भांडकुदळांचा विषय निघालाच आहे तर जेरुसलेमचं येशूच्या पवित्र कबरीचं चर्च आठवलं. सहा ख्रिस्ती पंथ एका छताखाली, कोणता खांब कुणी पुसायचा, कोणती पायरी कुणी झाडायची हे ठरलेलं, आणि मुख्य दाराच्या वर एका खिडकीखाली लाकडी शिडी उभी आहे ती अठराव्या शतकापासून तिथेच, कारण ती हलवायची तर सगळ्यांची संमती हवी. दाराची किल्ली पिढ्यानपिढ्या मुस्लिम घराण्याकडे. पण त्याच चर्चमध्ये कबरीवरची छोटी इमारत, जिला ब्रिटिशांनी १९४७ मध्ये लोखंडी कांबींचा टेकू देऊन ठेवला होता, ती पडायला आली. २०१५ मध्ये पोलिसांनी काही तास तो भागच बंद केला. तेव्हा ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन आणि फ्रान्सिस्कन (कॅथलिक) तिघे एकत्र बसले, आणि मार्च २०१७ ला काम पुरं झालं. छप्पर डोक्यावर पडायला आलं की माणसं सही करतात. शिडी अजून तिथेच आहे पण.

जुनी_वही:

घंटानाद, 'जुनं की नवीन' वाचलं आणि राहवलं नाही. इतिहास वाचायची सवय आहे, लांबण लागेल.

नागासाकीजवळचं उराकामी. जपानमध्ये १६१४ ला ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, धर्मगुरू मारले गेले किंवा हाकलले गेले. पुढे दोनशे वर्षांहून जास्त काळ त्या गावातल्या लोकांकडे एकही फादर नव्हता. तरी पॅरिशसारखं काहीतरी चालू राहिलं, कारण कामं वाटलेली होती. एकजण सणवारांची दिनदर्शिका सांभाळायचा, एकजण बाप्तिस्मा द्यायचा, एकजण निरोप पोचवायचा. दरवर्षी सरकारी लोक गावातल्यांना ख्रिस्ताच्या किंवा मारियेच्या चित्रावर पाय ठेवायला लावायचे. ठेवायचे, घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायचे. १७ मार्च १८६५ ला यातले काहीजण नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये आले आणि एका बाईने फ्रेंच फादर पेतीजाँ यांना हळूच सांगितलं की आमचं हृदय तुमच्यासारखंच आहे, सांता मारियाची मूर्ती कुठेय? फादरना धक्काच बसला.

पण सुटका लगेच नाही झाली. तीन हजारांवर माणसं गावातून उचलून देशभर हद्दपार केली, बरीच वाटेत आणि तुरुंगात गेली. १८७३ ला बंदी उठली, उरलेले परत आले. आणि परत येऊन त्यांनी कुठली जागा घेतली? गावच्या मुखियाच्या वाड्याची, जिथे त्यांना चित्रावर पाय ठेवायला लावायचे तीच. त्यावर चर्च बांधलं, ते पुरं व्हायला १९१४ उजाडलं. नंतर ९ ऑगस्ट १९४५, अणुबॉम्ब जवळपास त्यांच्या डोक्यावरच फुटला, चर्च पाचशेएक मीटरवर. आत पापनिवेदन चालू होतं, आतलं कुणी वाचलं नाही. उराकामीच्या बारा हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजार गेले असं सांगतात. ढिगाऱ्यातून दोनपैकी एक घंटा शाबूत निघाली, ती त्याच नाताळच्या आदल्या रात्री ओंडक्यांना टांगून वाजवली.

आता तुमचा मुद्दा. पुढे तिथेही हाच वाद झाला. शहरातल्या बऱ्याच जणांना ते भग्नावशेष साक्ष म्हणून तसेच ठेवायचे होते. पॅरिशला त्याच जागेवर नवीन चर्च हवं होतं, कारण जागा पूर्वजांनी कशी मिळवली ते त्यांना माहीत होतं. दोन्हीकडे दम होता. शेवटी १९५८ ला अवशेष पाडले, भिंतीचा एक तुकडा स्फोटाच्या जागी नेऊन उभा केला, १९५९ ला नवीन चर्च झालं. अजून काही लोक हळहळतात. म्हणजे एवढं सोसलेल्या माणसांचंही बांधकामावर एकमत झालं नाही हो. दुसऱ्या मनोऱ्याची घंटा तर आत्ता ९ ऑगस्ट २०२५ ला वाजली, अमेरिकेतल्या कॅथलिकांनी वर्गणी काढून दिलेली. ऐंशी वर्षं एकाच घंटेवर काढली त्यांनी.

रोखठोक:

छान लिहिलंय, पण अर्धंच सांगितलंत. १८७३ नंतर सगळे लपलेले ख्रिस्ती कॅथलिक चर्चमध्ये परत गेले नाहीत. काहीजण म्हणाले आमच्या आजोबांनी दिली तीच प्रार्थना खरी, आम्ही वेगळेच बरे. त्यांना काय म्हणणार, ऐक्य मोडणारे? त्यांनीसुद्धा तेवढंच सोसलं होतं.

जुनी_वही:

बरोबर, ते राहिलं माझ्याकडून. त्यांना फुटीर म्हणवणार नाही मला.

मग तुमच्यासाठी दुसरी गोष्ट, तिथे दोन न पटणारी माणसं आहेत. इंग्लंडमधलं ईम गाव, १६६५ मध्ये लंडनहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्याबरोबर प्लेग आला. रेक्टर, म्हणजे गावचा धर्मगुरू, विल्यम मॉम्पेसन, तरुण, नवीन, गावाला न आवडलेला. जुना धर्मगुरू टॉमस स्टॅनली, प्युरिटन, सरकारी प्रार्थनापुस्तक मानत नाही म्हणून पदावरून काढलेला, पण गाव त्याच्या बाजूने. एक खुर्चीवर, दुसरा त्याच खुर्चीवरून काढलेला, त्यात धर्ममतंही वेगळी. जून १६६६ मध्ये दोघे एकत्र गावासमोर उभे राहिले आणि गावाने ठरवलं की हद्द ओलांडायची नाही, चर्चला कुलूप लावायचं, उपासना उघड्यावर, कुटुंबं लांब लांब उभी, आपल्या मेलेल्यांना आपणच पुरायचं. हद्दीवरच्या दगडातल्या खळग्यांत व्हिनेगर घालून त्यात नाणी ठेवायचे, बाहेरचे सामान ठेवून जायचे. साधारण २६० माणसं गेली. एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. मॉम्पेसनची बायको कॅथरीन ऑगस्टमध्ये गेली.

रोखठोक:

आणि मॉम्पेसनने स्वतःची मुलं आधीच बाहेर पाठवली होती, हेही लिहा. ज्यांची ऐपत होती ते आधीच निघाले होते.

जुनी_वही:

होय, पाठवली होती. पण तो स्वतः आणि बायको राहिले. मला त्यात ढोंग दिसत नाही, बाप दिसतो. तुमचं वेगळं मत असू शकतं.

मला त्यातली खरी ताकद स्टॅनलीची वाटते. मॉम्पेसनला थांबणं भागच होतं, नोकरी होती. काढून टाकलेल्या माणसाला कुणी विचारलं नसतं तो निघून गेला असता तर. 'बघा तुमचा नवीन रेक्टर' म्हणून मजा बघत बसता आलं असतं.

पाळकाची_लेक:

हे वाचून थोडा वेळ नुसती बसले. बाबांच्या जागी नवीन पाळक आले तेव्हा बाबांनी पहिल्याच रविवारी शेवटच्या रांगेत बसायला सुरुवात केली, आणि कुणी तक्रार घेऊन आलं की म्हणायचे, त्यांना सांग, मी आता श्रोता.

पण रोखठोक यांच्या बाजूने एक सांगते. एकत्र राहिलंच पाहिजे असा हट्ट बायबलमध्येही नाही. पौल आणि बर्णबा यांचं मार्क नावाच्या सोबत्यावरून इतकं कडाक्याचं वाजलं की दोघे वेगळ्या वाटेने गेले, कृत्ये पंधरा. लेखकाने ते लपवलं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल लिहितो की मार्काला घेऊन ये, तो माझ्या उपयोगाचा आहे. मध्ये काय झालं ते कुठे लिहिलेलं नाही. फिलिप्पैच्या मंडळीला पौलाने लिहिलेल्या पत्रात युवदीया आणि सुंतुखे या दोन बायांना नाव घेऊन सांगितलंय की एकचित्त व्हा, आणि लगेच पुढे म्हटलंय की यांनी माझ्याबरोबर सुवार्तेसाठी कष्ट केलेत. भांडण कशावरून ते नाही सांगितलं. पत्र भर मंडळीत वाचलं जायचं, त्या दोघी समोर बसलेल्या असतील, विचार करा!

सध्या_फादर:

मी धर्मगुरू आहे, इथे नेहमी नुसता वाचतो. घंटानाद यांच्या फादरवर थोडी दया करा एवढंच म्हणायला आलो होतो, पण आता आलोच आहे तर.

मला एका पॅरिशमध्ये पाठवलं तिथे दोन पॅरिश जोडून एक केल्या होत्या. लोक कमी, फादर कमी. कागदावर एका दिवसात झालं. प्रत्यक्षात कुठल्या चर्चची मिस्सा सकाळची आणि कुठल्याची संध्याकाळची यावर चौदा महिने गेले. मी ऐक्यावर सहा प्रवचनं दिली, मोजली आहेत. उपयोग शून्य, कारण प्रत्येकाला वाटायचं फादर त्या समोरच्यांना बोलतोय. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

लोकांना फारसं ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगतो. पॅरिश प्रीस्टला दर रविवारी एक मिस्सा आपल्या पॅरिशच्या लोकांसाठी अर्पण करावीच लागते, कॅनन ५३४. तिच्यासाठी मानधन नाही, कुणा एकाची खास विनंती नाही, ती हद्दीतल्या सगळ्यांची. ज्याने माझ्याविरुद्ध बिशपना चार पानी पत्र लिहिलं होतं त्याच्यासाठीही दर रविवारी. सुरुवातीला मी त्याचं नाव दात आवळून घ्यायचो. तो बदलला का, तर नाही. पण वर्षभराने त्याची आई गेली तेव्हा मी गेलो आणि मला तिथे जायला जड गेलं नाही. तो दारात उभा होता, म्हणाला, 'पत्रातलं एकही वाक्य मी मागे घेत नाही हं फादर.' म्हटलं नको घेऊस, खांदा कोण देतंय ते सांग.

व्यवहारातलं बोलायचं तर त्या हॉलमध्ये वेदी मध्यभागी घ्या आणि खुर्च्या तिन्ही बाजूंनी मांडा. मधली वाटच राहणार नाही. बाकी हिशेबनीस यांनी लिहिलंय ते करा, आधी ते.

रोखठोक:

फादर, माझी आई आजारी आहे. आमच्या पॅरिशमधून अजून कुणी आलेलं नाही. असो.

सध्या_फादर:

व्यक्तिगत निरोप पाठवतो. आत्ता.

सहज_वाचक:

प्रश्न विचारला तेव्हा वाटलं नव्हतं एवढं वाचायला मिळेल. आमच्या सोसायटीच्या सभेला यातलं सगळं लागू पडतं, व्हिनेगर सोडून.

घंटानाद:

सात आठवड्यांनी धागा वर काढतोय.

खुर्च्या फिरवल्या. पहिल्या रविवारी गोंधळ, लोकांना बसायचं कुठे कळेना, एक आजी चुकून कॉयरमध्ये जाऊन बसल्या आणि तिथेच गायल्या. दोन रविवार झाले आणि काहीजण परत आपापले कोपरे शोधून बसलेच. चालायचंच.

हिशेब बोर्डावर लागला. हिशेबनीस, तुम्ही लिहिलेलं कुंपणाचं उदाहरण, तुम्हाला कुणी सांगितलं होतं का आधी? कारण आमच्याकडे तेच निघालं. छपरासाठी गोळा केलेल्यातून काही भाग मागच्या भिंतीला गेला होता. खिशात कुणी घातला नव्हता, भिंत पडली होती, घाईत वापरले, लिहून ठेवले, सांगितलं नाही. सभेत आरडाओरडा झाला, दोघं उठून गेले. खजिनदार अंकल उभे राहिले, हात थरथरत होते, म्हणाले चूक माझी, विचारायला हवं होतं. त्यांच्या विरोधातल्यांपैकी एकाने त्यांना पाणी नेऊन दिलं. ठराव झाला की ते पैसे वर्षभरात फंडात परत भरायचे आणि तोवर वही ऑफिसात राहील.

दुरुस्ती की नवीन, अजून ठरलेलं नाही. तिसऱ्या इंजिनिअरचं मत मागवलंय. त्याच्या प्रश्नांची यादी दोन्ही बाजूंनी मिळून केली, तिलाच तीन सभा लागल्या. आठही घरांना जाऊन आलो, फोन नाही केला, गेलोच. तीन परत आली. दोघांनी दार उघडलं नाही. एका घरात मला तासभर ऐकून घ्यावं लागलं आणि त्यातलं बरंचसं खरं होतं. बाकीच्या दोघांना शेजारच्या पॅरिशमध्ये बरं वाटतंय म्हणे, तिथला कॉयर चांगला आहे, त्यावर काय बोलणार.

व्हरांड्यातल्या घंटेला आवारात लोखंडी फ्रेम करून तात्पुरती टांगलीये. वेल्डिंग नवीनवाल्यांच्या पोराने केलं, दोरी दुरुस्तीवाल्यांनी आणली, आणि मग रोज सकाळी वाजवायची कुणी यावरून अर्धा तास घासाघीस झालीच, शेवटी पाळ्या लावल्या. उद्या साडेपाचला मी आणि खजिनदार अंकल आहोत. ते कधीच वेळेवर येत नाहीत, त्यांना आत्ता मेसेज टाकून ठेवतो.

रोखठोक, आई कशा आहेत?

रोखठोक:

बऱ्या आहेत. परवा फादर येऊन गेले, आमचे नाही, या धाग्यावरचे. तीन तासांचा प्रवास करून. आईने त्यांना विचारलं तुम्ही कुठल्या पॅरिशचे, तर त्यांना उत्तरच सुचेना.